आवर्तनावर आवर्तन : संगणकावर लूप लावून तालाचे मिडी रेकॉर्डिंग कसे करावे

गोव्यातील मराठी घरांत संगीत शिकवणीच्या वर्गापुरते राहत नाही. गावोगावी भजनी मंडळे आहेत, कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेसाठी तालमी चालतात, श्रावण सरत आला की चतुर्थीच्या आरत्यांची उजळणी सुरू होते आणि शिगम्याच्या मिरवणुकीसाठी कोणी ना कोणी नवे गीत बांधत असते. या प्रत्येक ठिकाणी तालवादक हवा असतो आणि तो रोज मोकळा असतोच असे नाही. म्हणून संगणकावर तालाचा पाया तयार करून घेण्याकडे अनेकांचा कल झाला आहे. तयार लूप विकत किंवा फुकट मिळतात हे खरे. पण त्यांत भजनी ठेका मिळाला तरी तो आपल्या गायकाच्या ढंगाचा नसतो आणि घुमट हे गोव्याचे मातीचे तालवाद्य तर क्वचितच सापडते. त्यामुळे स्वतः वाजवून रेकॉर्ड करणे हाच मार्ग सोयीचा ठरतो. ज्यांनी एखादे सॉफ्टवेअर संगणकावर उतरवून घेतले आहे, एक पॅड किंवा छोटा कीबोर्ड जोडला आहे आणि लाल बटण दाबल्यावर पुढे नेमके काय करायचे हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

पद्धत थोडक्यात अशी आहे. दोन किंवा चार आवर्तनांचा तुकडा फिरता ठेवायचा, त्याच्या प्रत्येक फेरीत तालातील एखादाच आवाज वाजवायचा आणि आधीच्या फेऱ्यांत वाजवलेले कायम ठेवून त्यावर नवे चढवत जायचे. दोन हातांनी एकदम न जमणारा ठेका या पद्धतीने एका बोटानेही उभा करता येतो. अडचण येते ती बोटांमुळे कमी आणि सॉफ्टवेअरच्या दोन-तीन सेटिंगमुळे अधिक, म्हणून या लेखात त्या सेटिंगना जास्त जागा दिली आहे.

मिडीमध्ये काय नोंदले जाते

मिडी ही वाद्ये आणि संगणक यांनी परस्परांशी बोलण्याची पद्धत १९८३ पासून वापरात आहे. तिच्यात ध्वनी नोंदला जात नाही; कोणती कळ दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा दाबली एवढाच मजकूर नोंदला जातो. कळांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत आणि आघाताचा जोर, ज्याला व्हेलॉसिटी म्हणतात, तो १ ते १२७ या मापात लिहिला जातो. याचा मोठा फायदा असा की आज ढोलकीच्या आवाजात वाजवलेला ठेका उद्या एकही आघात न बदलता दुसऱ्या वाद्यात ऐकता येतो, आणि चुकलेला एकच आघात उचलून योग्य जागी ठेवता येतो.

तालवाद्यांसाठी प्रत्येक कळेवर एक स्वतंत्र आवाज असतो. १९९१ मध्ये ठरलेल्या जनरल मिडी या मानकानुसार पाश्चात्त्य ड्रमसेटमधील किक ३६ वर, स्नेअर ३८ वर, बंद हाय-हॅट ४२ वर, उघडा हाय-हॅट ४६ वर, क्रॅश ४९ वर आणि राइड ५१ वर असतो, आणि तालवाद्यांसाठी दहावे चॅनल राखलेले आहे. बहुतेक ड्रम प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे आवाजांचे संच, आजही याच मांडणीच्या जवळपास असतात. नवशिक्यांची फसगत होते ती कळांच्या नावांमुळे. क्रमांक ३६ ची कळ एबलटन लाइव्ह आणि लॉजिक या सॉफ्टवेअरमध्ये सी१ म्हणून दिसते, तर एफएल स्टुडिओत तीच सी३ म्हणून दिसते. त्यामुळे कोणाकडून मांडणी विचारून घेताना नाव न विचारता क्रमांक विचारावा.

काय काय लागते

आठ किंवा सोळा पॅड असलेला साधा मिडी पॅड पुरेसा आहे. अकाईच्या एमपीडी २१८ वर सोळा पॅड आहेत. ज्यांना सूरही वाजवायचे आहेत त्यांना पंचवीस कळा आणि आठ पॅड असलेला एमपीके मिनी अधिक उपयोगी पडतो. घरात यूएसबी जोडणी असलेला कॅसिओ किंवा यामाहाचा कीबोर्ड असेल तर वेगळे काही घेण्याची गरज नाही. संगणकाच्या टंकफलकावरूनही आघात वाजवता येतात. मात्र तेथे जोर मोजला जात नाही, सगळे आघात एकसारखे उमटतात आणि नंतर प्रत्येकाचा जोर हाताने बदलावा लागतो.

सॉफ्टवेअरच्या निवडीवर फार वेळ दवडू नये. मॅक किंवा आयपॅड असेल तर गॅरेजबँड मोफत आहे. विंडोजवर रीपर ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते आणि साध्या लॅपटॉपवरही ते नीट चालते, म्हणून पुढील पायऱ्या मुख्यतः रीपरच्या आधाराने दिल्या आहेत. इतर सॉफ्टवेअरमध्ये वेगळे काही असेल तेथे तसा उल्लेख केला आहे. आवाजांसाठी सिताला किंवा एमटी पॉवर ड्रम किट ही मोफत प्लगइन सुरुवातीला पुरतात. हेडफोन मात्र तारेचाच हवा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज अनेकदा शंभर मिलिसेकंदांहून अधिक उशिरा पोहोचतो आणि एवढ्या विलंबात ताल धरणे कसलेल्या वादकालाही जमत नाही.

पावसाळ्यात ग्रामीण भागात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो; लॅपटॉपची बॅटरी भरलेली ठेवावी आणि नवा प्रकल्प उघडताक्षणीच नाव देऊन साठवावा.

विलंब कमी करणे

पॅडवर बोट पडल्यापासून आवाज कानी येईपर्यंत जो वेळ जातो त्याला लेटन्सी म्हणतात. तिचा मोठा भाग बफरच्या, म्हणजे वाजवण्यापूर्वी संगणक ध्वनीचे जितके नमुने साठवतो त्या साठ्याच्या, आकारावर ठरतो. सॅम्पल रेट ४४,१०० असताना १२८ च्या बफरला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात, २५६ ला ५.८, ५१२ ला ११.६ आणि १०२४ ला २३.२, यात जोडणीचा आणि साउंड कार्डचा विलंब आणखी मिळवावा लागतो. ताल रेकॉर्ड करताना बफर १२८ किंवा २५६ वर ठेवावा. आवाजात करकर येऊ लागली तर एक पायरी वर जावे. विंडोजवर ऑडिओ इंटरफेस असल्यास त्याचाच एएसआयओ ड्रायव्हर निवडावा, नसल्यास एएसआयओ४ऑल हा मोफत ड्रायव्हर वापरून पाहावा. मॅकवर वेगळ्या ड्रायव्हरची आवश्यकता सहसा भासत नाही.

विलंबाचा परिणाम उलटा दिसतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सॉफ्टवेअर आघाताची वेळ बोट पडते तेव्हाची नोंदते, परंतु वादकाला आवाज उशिरा ऐकू येतो. म्हणून तो नकळत थोडे आधी वाजवू लागतो आणि त्याचे सगळे आघात ग्रिडच्या, म्हणजे पडद्यावरील मात्रांच्या उभ्या रेषांच्या, आधी नोंदले जातात. रेकॉर्डिंगमध्ये आघात सातत्याने रेषेच्या डावीकडे पडलेले दिसले तर हाताला दोष देण्यापूर्वी बफर तपासावा.

मात्रा, टेम्पो आणि लूपची लांबी

सॉफ्टवेअर उघडल्यावर समोर येते ते ४/४ चे माप आणि बीपीएममधला, म्हणजे मिनिटाला किती ठोके यातला, टेम्पो. आपण मात्रांत विचार करतो, तेव्हा दोहोंची सांगड आधी घालावी लागते. केहरवा किंवा भजनी ठेका आठ मात्रांचा असतो. ४/४ च्या एका मापात आठ अष्टमांश बसतात, म्हणून एक अष्टमांश म्हणजे एक मात्रा धरली की एक माप म्हणजे एक आवर्तन होते. बीपीएममध्ये मात्र चतुर्थांश मोजले जातात. त्यामुळे गायकाची लय मिनिटाला १६० मात्रांची असेल तर टेम्पो ८० ठेवावा. या गतीला एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची, एक आवर्तन तीन सेकंदांचे आणि चार आवर्तनांचा लूप बारा सेकंदांचा होतो. दादऱ्यासाठी ६/८ आणि रूपकासाठी ७/८ असे माप निवडावे. तेथेही मात्रा अष्टमांशाचीच धरल्यास टेम्पोचे गणित बदलत नाही. दहा मात्रांचा झपताल ५/४ मध्ये एका मापात बसतो.

लय ठरवण्यासाठी गायकाला गाणे गुणगुणायला सांगून टेम्पोच्या चौकटीवर टॅप करत राहणे हा सर्वांत विश्वसनीय मार्ग आहे. तालमीत ज्या लयीत गाणे बसले आहे तीच लय घ्यावी. संगणकासमोर एकट्याने बसल्यावर माणूस जरा भरभरच मोजतो.

लूपची सुरुवात समेवर असावी आणि शेवट पुढील समेच्या नेमका आधी व्हावा. त्यासाठी ग्रिडला चिकटण्याची सोय, म्हणजे स्नॅप, चालू ठेवून वरच्या मोजपट्टीवर माउस ओढत चार मापे निवडावीत आणि रीपरमध्ये आर ही कळ दाबून पुनरावृत्ती चालू करावी. लॉजिक आणि गॅरेजबँडमध्ये सी या कळेने सायकलची पिवळी पट्टी चालू होते. लूपची हद्द एखाद्या टिचकीनेही सरकली असेल तर प्रत्येक फेरीत समेवर ठेच लागते; म्हणून वाजवायला बसण्यापूर्वी नुसता मेट्रोनोम लावून दोन फेऱ्या ऐकाव्यात. सांधा कानाला जाणवता कामा नये.

एका आवर्तनाचा लूप लावण्याचा मोह होतो, पण तो टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच आवर्तनाच्या फेरीत हात यंत्रवत होतो, जोरात चढउतार येत नाही आणि श्वास घेण्याइतकीही फुरसत मिळत नाही. आठ आवर्तने नवशिक्याला लांब पडतात, कारण सहाव्या आवर्तनात चूक झाली की ती दुरुस्त करण्याची संधी पुन्हा येईपर्यंत बराच वेळ जातो. चार आवर्तने योग्य. पुढे सांगितलेल्या एका कारणासाठीही ती सोयीची आहेत.

आधीचे पुसले जाऊ नये म्हणून

आता ज्या सेटिंगवर नवशिक्यांचे घोडे हमखास अडते ते पाहू. लूप फिरत असताना दुसऱ्या फेरीत वाजवलेल्या आघातांचे सॉफ्टवेअरने काय करावे याचे तीन पर्याय असतात. पहिला, नवे आघात जुन्यांत मिसळावेत. दुसरा, जुने पुसून नवे ठेवावेत. तिसरा, प्रत्येक फेरी स्वतंत्र टेक म्हणून वेगळी साठवावी आणि शेवटचाच टेक ऐकवावा. थरावर थर चढवण्यासाठी पहिला पर्याय हवा असतो. पण गायन किंवा पेटी रेकॉर्ड करणाऱ्यांना तिसरा सोयीचा असल्याने काही सॉफ्टवेअरमध्ये मुळात तोच चालू असतो. आधीची फेरी नाहीशी झाली असे वाटते तेव्हा ती बहुधा पुसलेली नसते, तर वेगळ्या टेकमध्ये लपलेली असते.

रीपरमध्ये ट्रॅक मेनूतून नव्या ट्रॅकवर आभासी वाद्य घालण्याचा पर्याय निवडला की ट्रॅक रेकॉर्डिंगसाठी सज्ज होतो. पॅड वाजवून आवाज येतो का ते पाहावे. येत नसेल तर प्रेफरन्सेसमधील मिडी विभागात आपला पॅड इनपुटसाठी चालू केला आहे का ते तपासावे. मग इन्सर्ट मेनूतून निवडलेल्या चार मापांवर रिकामा मिडी आयटम घालावा, ट्रॅकच्या रेकॉर्ड बटणावर उजवी क्लिक करावी आणि उघडणाऱ्या यादीत मिडी ओव्हरडब हा पर्याय निवडावा. यानंतर कंट्रोल आणि आर दाबून रेकॉर्डिंग सुरू केले की प्रत्येक फेरीतील आघात त्याच आयटममध्ये साठत जातात.

लॉजिकमध्ये रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये सायकल चालू असताना एकावर एक पडणाऱ्या मिडीसाठी मर्ज हा पर्याय निवडावा लागतो. गॅरेजबँडमध्ये सायकलमधील मिडी रेकॉर्डिंग आपोआप एकत्र करण्यासाठी सेटिंगमध्ये एक चौकट आहे. तिच्यावर खूण करावी. क्युबेसमध्ये ट्रान्सपोर्टच्या पट्टीत सायकल रेकॉर्डिंगसाठी मिक्स निवडावे. एबलटन लाइव्हच्या अरेंजमेंट दृश्यात अधिक चिन्हाचे ओव्हरडब बटण चालू ठेवावे. एफएल स्टुडिओत ब्लेंड रेकॉर्डिंग आणि लूप रेकॉर्डिंग ही दोन्ही बटणे चालू हवीत. सेटिंग केल्यावर लगेच ठेका वाजवायला घेऊ नये. पहिल्या फेरीत एक किक आणि दुसऱ्या फेरीत एक स्नेअर वाजवावा, आणि तिसऱ्या फेरीत दोन्ही ऐकू येतात याची खात्री करून हे परीक्षणाचे आघात पुसून टाकावेत.

लूपवर ताल चढवत नेण्याची ही रीत संगणकापेक्षा ड्रम मशिनांची आहे. रॉजर लिन यांच्या १९८० च्या एलएम-१ या यंत्रात खऱ्या ड्रमचे नोंदलेले आवाज, फिरत्या ठेक्यावर वाजवत जाण्याची सोय आणि आघात जागेवर बसवणारी सुधारणा या तिन्ही गोष्टी होत्या. आजच्या सॉफ्टवेअरमधील क्वांटाइझ (आघात ग्रिडच्या रेषेवर सरकवणे) आणि स्विंग यांची मुळे तेथेच आहेत.

थर चढवण्याचा क्रम

मेट्रोनोमच्या सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगपूर्वी एका मापाची मोजणी, म्हणजे काउंट-इन, चालू करावी. आता केहरव्याचेच उदाहरण घेऊ : धा गे ना ती, न क धि ना. तबल्याचा आवाज हाताशी नसेल तर जनरल मिडीतील काँगा कामचलाऊ म्हणून चालतात. जाड काँगा ६४ वर, पातळ उघडा काँगा ६३ वर आणि पातळ बंद काँगा ६२ वर असतो.

पहिल्या थरात फक्त डग्ग्याची जागा घेणारा ६४ वाजवावा. तो पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर येतो. पहिला आघात ठसठशीत, दुसरा हलका आणि सातवा मध्यम असावा. लूपच्या पहिल्या फेरीत काहीही न वाजवता मात्रा तोंडाने म्हणाव्यात आणि दुसऱ्या फेरीपासून हात लावावा. चारही आवर्तने भरली की थांबावे, ऐकावे आणि फाइल साठवावी. प्रत्येक थरानंतर थांबल्याने पुढचा थर बिघडला तर अनडू करून नेमके कोठे परतायचे हे स्पष्ट राहते. सलग सहा थर चढवून मग अनडू केल्यास कधी एक आघात जातो तर कधी अर्ध्या तासाचे काम.

दुसऱ्या थरात ६३ वर पहिली, तिसरी, चौथी, पाचवी, सातवी आणि आठवी मात्रा वाजवावी. चौथ्या मात्रेचा ‘ती’ हलका ठेवावा, आठवीचा ‘ना’ थोडा उठावदार. तिसऱ्या थरात सहाव्या मात्रेचा ‘क’ तेवढा ६२ वर, अगदी हळू. टाळाची जागा ८१ वरील उघडा ट्रँगल भरून काढतो. तो पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर जरा जोराने व तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर हळू वाजवला की भजनाचा भास होतो. टाळ नेहमी शेवटी घ्यावा. तो आधी घेतला तर त्याच्या खणखणाटात डग्ग्याचे लहानसहान दोष ऐकूच येत नाहीत.

पाश्चात्त्य ड्रमसेटवर काम करायचे असेल तरी क्रम असाच राहतो : आधी किक आणि स्नेअर, मग हाय-हॅट, मग अधूनमधून येणारे टॉम आणि क्रॅश. हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यांवरून जगभर गेलेल्या गोवा ट्रान्सचा ठेका तर नवशिक्याला पहिल्याच दिवशी जमण्याजोगा आहे. टेम्पो १४५ च्या आसपास, किक चारही ठोक्यांवर आणि उघडा हाय-हॅट दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध. सेटिंग तपासण्यासाठी हा ठेका फार कामाला येतो, कारण त्यात जरा जरी आघात सरकला तरी लगेच कळते.

हरवलेली सम

लूप रेकॉर्डिंगमधला एक दोष इतका सर्वत्र आढळतो की त्याची उकल नीट करायला हवी. क्वांटाइझ केल्यानंतर लूपच्या पहिल्याच मात्रेवरचा आघात गायब होतो. कारण असे की वादक समेवर उत्साहाने वाजवतो आणि वीस मिलिसेकंद आधी पोहोचतो. बारा सेकंदांच्या लूपमध्ये तो आघात पुढच्या फेरीच्या आरंभी न नोंदला जाता चालू फेरीच्या शेवटी, ११.९८ व्या सेकंदाला नोंदला जातो. ऐकताना फरक जाणवत नाही, कारण फेरी संपताच सम येते. क्वांटाइझ केले की सॉफ्टवेअर त्या आघाताला जवळच्या रेषेवर, म्हणजे बाराव्या सेकंदावर नेऊन ठेवते. ती रेषा लूपच्या हद्दीबाहेर आहे, म्हणून आघात ऐकूच येत नाही. अगदी पहिल्या फेरीत तर हाच आघात काउंट-इनच्या मापात पडतो आणि अनेकदा नोंदलाच जात नाही.

यावर दोन उपाय आहेत. लूपच्या शेवटी चिकटून पडलेले आघात पियानो रोलमध्ये, म्हणजे आघात दाखवणाऱ्या खिडकीत, निवडून हाताने पहिल्या मात्रेवर आणणे हा एक. दुसरा मला अधिक पसंत आहे आणि चार आवर्तनांचा आग्रह त्यासाठीच आहे : चारही आवर्तने रेकॉर्ड करावीत, क्वांटाइझ करावे आणि मग मधली दोन आवर्तने, म्हणजे दुसरे आणि तिसरे, कापून तीच अंतिम लूप म्हणून वापरावीत. दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर घाईने पडलेला आघात पहिल्याच्या शेवटी नोंदलेला असतो आणि क्वांटाइझ शंभर टक्के असेल तर तो आपोआप दुसऱ्याच्या आरंभी येऊन बसतो. शिवाय मधल्या आवर्तनांत हातही स्थिरावलेला असतो.

क्वांटाइझ किती करावे

आघात ग्रिडवर शंभर टक्के बसवला की ठेका नीटनेटका होतो आणि निर्जीवही होतो. म्हणून क्वांटाइझची तीव्रता ५० ते ७० टक्के ठेवून सुरुवात करावी. ५० टक्क्यांना प्रत्येक आघात रेषेपासूनचे निम्मे अंतर कापतो, म्हणजे चूक कमी होते पण हाताची ढब राहते. वाजवतानाच आपोआप क्वांटाइझ करणारी सोयही बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. ती बंद ठेवावी, नाहीतर आपण खरोखर काय वाजवले हे कधीच कळत नाही. ग्रिड निवडताना ठेक्यातील सर्वांत लहान अंतर कोणते ते पाहावे. वरच्या केहरव्यात ते अष्टमांशाचे आहे. मध्ये दुगुन घेतली असेल तर षोडशांश निवडावा. दादऱ्याच्या झुलत्या चालीला तीनच्या विभागणीचे ग्रिड लागू शकते आणि तेथे षोडशांशाचे ग्रिड लावल्यास सगळी चाल मोडते.

स्विंग म्हणजे जोडीतील दुसरा आघात किती मागे रेंगाळावा याचे प्रमाण. ८० टेम्पोला दोन षोडशांशांची जोडी ३७५ मिलिसेकंदांची असते. स्विंग ५० टक्के असताना दुसरा आघात बरोबर मध्यावर, म्हणजे १८७ मिलिसेकंदांच्या जवळपास पडतो. ५८ टक्क्यांना तो सुमारे २१७ वर जातो आणि ६६ टक्क्यांना २४८ च्या आसपास, जेथे चाल स्पष्टपणे तीनची वाटू लागते. काही सॉफ्टवेअरमध्ये हे माप ० पासून मोजले जाते, तेव्हा आकडा पाहून न ठरवता कान लावून ठरवावे.

जोराकडे लक्ष देणे मात्र क्वांटाइझइतकेच, किंबहुना त्याहूनही महत्त्वाचे आहे. सगळे आघात १२७ वर दिसत असतील तर पॅडवरील फुल लेव्हल हे बटण चालू राहिले आहे असे समजावे. जोर दुरुस्त करताना सम १०० ते ११० च्या दरम्यान, मधल्या मात्रा ७० ते ८५ आणि भरणीचे आघात ३० ते ५० असे ठेवून पाहावे. दोन शेजारच्या आवर्तनांत हे आकडे तंतोतंत सारखे ठेवू नयेत.

थरांच्या गडबडीत एकाच जागी एकच आवाज दोनदा नोंदला जाण्याचीही शक्यता असते. असा आघात इतरांपेक्षा मोठा किंवा पोकळ ऐकू येतो आणि पियानो रोलमध्ये एकावर एक पडल्यामुळे दिसत मात्र एकच. क्युबेस आणि लॉजिक यांत दुहेरी नोंदी काढून टाकण्याची आज्ञा आहे. इतरत्र संशयित आघात बाजूला ओढून खाली दुसरा आहे का ते पाहावे.

घुमटाचा आपला संच

काँगांवर भजन निभावते, घुमट आरती निभावत नाही. २०१९ मध्ये गोवा सरकारने ज्याला वारसा वाद्याचा दर्जा दिला, त्या घुमटाचा आवाज आपला आपणच नोंदून घेणे उत्तम. मातीच्या या वाद्याच्या मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले असते, आता बकऱ्याचे. दुसरे लहान तोंड उघडे असते आणि वादक त्यावर तळहाताची उघडझाक करून नाद बदलतो. म्हणून किमान तीन आघात वेगवेगळे नोंदावेत : लहान तोंड उघडे ठेवून घुमणारा, तळव्याने तोंड झाकून दाबलेला आणि कडेवरचा टणत्कारी. प्रत्येक आघात हळू, मध्यम आणि जोरात, असा प्रत्येकी तीन-चार वेळा घ्यावा. पंखा बंद, खिडक्या बंद, फोन किंवा माइक हातभर अंतरावर. दमट हवेत चामडे सैल पडते आणि नाद बसतो, म्हणून पावसाळी दिवशी नोंदणी करणे टाळावे. करावीच लागली तर वादकाच्या सल्ल्याने आधी चामडे शेकून घ्यावे.

नोंदलेला प्रत्येक आघात वेगळा कापताना सुरुवातीची शांतता पूर्णपणे काढावी. तेथे राहिलेले दहा मिलिसेकंद प्रत्येक आघाताला दहा मिलिसेकंद उशीर करतात आणि त्याचा दोष मग बफरवर ढकलला जातो. हे तुकडे सिताला, लाइव्हमधील ड्रम रॅक किंवा अन्य कोणत्याही ड्रम सॅम्पलरच्या पॅडवर ओढून टाकावेत. घुमणारा आणि दाबलेला हे दोन्ही आघात एकाच चोक गटात ठेवावेत, म्हणजे दाबलेला आघात पडताच घुमणारा थांबेल. उघड्या आणि बंद हाय-हॅटमध्ये हीच व्यवस्था असते. आवाज आघातासरशी पूर्ण वाजावा यासाठी सॅम्पलर वन-शॉट पद्धतीवर ठेवावा, अन्यथा बोट उचलताच नाद तुटतो. शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळे हे टाळ यांसाठीही असेच पॅड तयार करावेत. कासाळ्याचे दोन आवाज लागतात, मोकळा आणि हाताने दाबलेला, आणि तेही एका चोक गटात.

आरतीचे थर चढवताना शामेळ आधी घ्यावा, कारण तो लय धरून ठेवतो; मग घुमटाचे घुमणारे आघात, नंतर दाबलेले आणि कडेचे, आणि सर्वांत शेवटी कासाळे. आरती जसजशी रंगते तसतशी लय चढते, एकाच टेम्पोच्या लूपमध्ये हे येणार नाही. त्यासाठी ठेक्याचे तीन लूप बांधावेत, संथ, मध्य आणि द्रुत, आणि टेम्पोच्या रेषेवर ते एकापुढे एक मांडून मधल्या जागी टेम्पो हळूहळू वाढवत न्यावा. द्रुत लूप संथ लूपचाच वेग वाढवून बनवू नये. द्रुत लयीत वादक काही आघात गाळतो, म्हणून तो नव्याने वाजवून घ्यावा.

फाइल बाहेर काढणे

तालमीत मोबाइलवर वाजवायची फाइल काढताना लूप एकदाच रेंडर केला, म्हणजे ध्वनिफाइल म्हणून बाहेर काढला, तर शेवटच्या कासाळ्याची आस मध्येच कापली जाते आणि पुनरावृत्तीत सांधा उघडा पडतो. म्हणून लूप सलग दोनदा वाजवून रेंडर करावा आणि त्यातील दुसरी फेरी तेवढी कापून ठेवावी. तिच्या आरंभी पहिल्या फेरीची आस आलेली असते आणि सांधा मिटतो. फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात काढावी, कारण एमपी३ च्या टोकांना किंचित शांतता जोडली जाते आणि फिरत्या लूपमध्ये ती अडखळल्यासारखी ऐकू येते. मूळ मिडी वेगळा साठवावा, आणि दोन्हींच्या नावात ताल, टेम्पो व आवर्तनांची संख्या लिहावी, उदाहरणार्थ केहरवा_८०_२आवर्तने. चतुर्थीच्या आदल्या रात्री दहा फाइलींतून हवी ती शोधताना हे नावच कामी येते.